हाफनंतर फुल: पहिल्या ४२ किलोमीटरची तयारी कशी करावी

दोन-तीन हाफ मॅरेथॉन नीट पार पडल्या की मनात पुढचा विचार येतोच: आता फुल. त्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी हा लेख आहे. वेगवान धावपटूंसाठी नाही. नोकरी-घर सांभाळून आठवड्यात तीन-चार दिवस धावणाऱ्या आणि पहिली मॅरेथॉन धडधाकट पूर्ण करायची इच्छा असलेल्या माणसासाठी आहे.

आधी एक हिशेब समजून घ्या, कारण पुढचा प्रत्येक सल्ला त्यातूनच आला आहे. धावताना शरीर दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च करतं. ६५ किलो वजनाच्या माणसाला २१.०९७५ किलोमीटरसाठी सुमारे १,३७० किलोकॅलरी लागतात आणि ४२.१९५ किलोमीटरसाठी सुमारे २,७४०. आता जमेची बाजू बघा. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीरात साठवून ठेवलेली साखर) साठवतात, म्हणजे १,६०० ते २,००० किलोकॅलरी. हाफ या शिदोरीवर सहज निघते. फुलला ती पुरत नाही.

चरबीचा साठा प्रत्येकाकडे भरपूर असतो. पण चरबीतून ऊर्जा हळू मिळते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणून ग्लायकोजेन संपत आलं की वेग टिकवता येत नाही. पाय जड होतात, डोकं सुन्न होतं आणि साधी बेरीज-वजाबाकीही जमेनाशी होते. धावणारे याला ‘वॉल’ म्हणतात आणि ती बहुतेकांना ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान भेटते. पहिल्या मॅरेथॉनची सगळी तयारी म्हणजे ही शिदोरी जपून वापरायला, वाटेत तिच्यात भर घालायला आणि चार-पाच तास पायांवर राहायला शरीराला शिकवणं. वेग वाढवणं त्यात फार मागे येतं.

पायरी १: आपण तयार आहोत का?

गेले तीन-चार महिने आठवड्याला ३० ते ४० किलोमीटर सलगपणे धावून होत असतील, १८ किलोमीटरचा लाँग रन (आठवड्यातलं सर्वांत लांब धावणं) केल्यावर दुसऱ्या दिवशी जिना नेहमीसारखा चढता-उतरता येत असेल आणि कुठलंही जुनं दुखणं डोकं वर काढत नसेल, तर सुरुवात करायला हरकत नाही. तसं नसेल तर मॅरेथॉनचा आराखडा हातात घेण्याआधी हाच पाया भरून काढा. त्यात गेलेले दोन-तीन महिने वाया जात नाहीत.

छातीत दुखणं, धावताना चक्कर किंवा शुद्ध हरपणं, विनाकारण धडधड, घरात कमी वयात हृदयविकाराने झालेला मृत्यू, मधुमेह, रक्तदाब यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. चाळिशी ओलांडलेल्यांनी तपासणी करून घ्यावी, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आणि वेळ. तयारीला १६ ते २० आठवडे लागतात. शेवटच्या दोन महिन्यांत लाँग रनचा अख्खा दिवस जातो: सकाळचे तीन-साडेतीन तास धावण्यात आणि उरलेला दिवस सावरण्यात. घरच्यांशी हे आधीच बोलून घ्या. तयारी अर्धवट राहण्याचं ते एक मोठं कारण असतं आणि त्याचा पायांशी काही संबंध नसतो.

पायरी २: शर्यत निवडणं

तारखेच्या आधी हवामान बघा. थंड, कोरड्या दिवशी आरामात होणारी शर्यत उष्ण, दमट दिवशी दुप्पट कठीण होते. मग मार्गाचा चढउतार बघा. पहिल्या खेपेला सपाट मार्ग घ्यावा.

तिसरी गोष्ट कट-ऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करायला दिलेली जास्तीत जास्त वेळ. सहा तासांचा कट-ऑफ म्हणजे किलोमीटरला सरासरी ८ मिनिटं ३२ सेकंद, त्यात पाणी प्यायला थांबणं आणि स्वच्छतागृहाची रांगही आली. काही शर्यतींत मधल्या टप्प्यांवरही कट-ऑफ असतात, आणि वेळ तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासून मोजायची की पहिल्या इशाऱ्यापासून, हेही ठिकठिकाणी वेगळं असतं. हजारोंच्या गर्दीत मागे उभं राहणाऱ्याला हा फरक दहा-पंधरा मिनिटांचा पडू शकतो. नियमावली शेवटपर्यंत वाचा. एड स्टेशन (वाटेत पाणी-खाणं मिळण्याची ठिकाणं) किती अंतरावर आहेत आणि तिथे कुठलं पेय, कुठलं जेल (धावताना खायचं साखरेचं दाट मिश्रण) देतात, हेही टिपून ठेवा. पायरी ५ मध्ये त्याची गरज पडेल.

पायरी ३: आठवड्याची मांडणी

चार दिवस धावणं पुरेसं आहे. त्यात दोन दिवस ४० ते ६० मिनिटांचे सोपे रन, एक दिवस थोडं जोराचं धावणं आणि एक दिवस लाँग रन. दोन दिवस ताकदीचा व्यायाम, तो हवा तर सोप्या रनच्याच दिवशी. निदान एक दिवस पूर्ण विश्रांती.

‘सोपा’ या शब्दाकडे लक्ष द्या, कारण हौशी धावपटूंची सगळ्यात जास्त चूक इथेच होते. सोपा रन म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतका हळू. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो रन सोपा नाही. घड्याळात किलोमीटरचा आकडा बघून लाज वाटेल इतकं हळू धावायला लागलं तरी चालेल. या संथ धावण्यातच स्नायूंमध्ये नव्या केशवाहिन्या वाढतात, पेशींची ऑक्सिजन वापरायची क्षमता वाढते आणि शरीर चरबीतून जास्त ऊर्जा घ्यायला शिकतं. मॅरेथॉनला नेमकं हेच लागतं. रोज मध्यम जोरात धावणाऱ्याला ना हा फायदा पुरता मिळतो, ना विश्रांती.

जोराच्या दिवशी २० ते ४० मिनिटं ‘जमेल पण आवडणार नाही’ अशा टेम्पोने धावा. आलटून पालटून चढावर छोटे रिपीट घ्या, म्हणजे थोडं अंतर जोरात चढून पुन्हा पुन्हा धावा. ट्रॅकवरचे कडक इंटर्व्हल (मध्ये थोडा दम घेत वेगाने धावायचे तुकडे) पहिल्या मॅरेथॉनसाठी गरजेचे नाहीत आणि दुखापतीची शक्यता वाढवतात. एखाद्या आठवड्यात काही सोडावं लागलंच तर हा दिवस सोडा. लाँग रन सोडू नका.

पायरी ४: लाँग रन

आठवड्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त अंतर वाढवू नये, हा नियम तुम्ही ऐकला असेल. एकूण आठवड्याच्या अंतराला लावला तर त्याचा आधार कच्चा आहे: २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात नवख्या धावपटूंना असं जपून वाढवणारा कार्यक्रम दिला, तरी दुखापतींचं प्रमाण नेहमीच्या कार्यक्रमाएवढंच राहिलं. २०२५ साली पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या अभ्यासातून मात्र एक उपयोगी गोष्ट पुढे आली. मागच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब रनपेक्षा एखादा रन १० टक्क्यांहून जास्त लांब झाला की दुखापतीचा धोका वाढतो. म्हणजे सांभाळायचं आहे ते एकेका रनचं अंतर. दोन लाँग रन बुडाले म्हणून तिसऱ्या आठवड्यात ‘भरून काढायला’ एकदम मोठी उडी घेणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार.

ज्याला आज १८ किलोमीटर आरामात जमतात त्याच्यासाठी १८ आठवड्यांचे लाँग रन असे मांडता येतील, किलोमीटरमध्ये: १८, १९, २०, १५, २२, २४, १८, २६, २८, २०, २८, ३०, २२, २४, ३२, २२, १४ आणि अठराव्या आठवड्यात शर्यत. मध्येमध्ये आकडा खाली येतो त्या आठवड्यांना हात लावू नका. हाडं आणि कंडरा ताणाला उत्तर देतात ते विश्रांतीच्या काळात, आणि त्यांची गती हृदय-फुप्फुसांपेक्षा बरीच मंद असते. म्हणूनच तिसऱ्या महिन्यात दम अजिबात लागत नाही आणि नडगी मात्र दुखायला लागते.

अंतराबरोबर वेळेचीही मर्यादा ठेवा. किलोमीटरला साडेसात-आठ मिनिटं लागणाऱ्याला ३२ किलोमीटर म्हणजे चार तासांहून जास्त. एवढं लांब धावून होणारी झीज भरून यायला दहा-बारा दिवस जातात आणि पुढचे आठवडे कोलमडतात. अशा धावपटूने लाँग रन साडेतीन तासांवर थांबवावा, मग अंतर २६ भरो की २७. उरलेली भर आदल्या दिवशी तासाभराचा सोपा रन करून घालता येते. दुसऱ्या दिवशी लाँग रनला थोड्या थकलेल्या पायांनी निघणं हाही चांगला सराव आहे.

‘एकदा तरी पूर्ण ४२ धावून बघू का?’ असं खूप जण विचारतात. नका. शर्यतीच्या दिवसाआधी त्याने जेवढा धीर मिळेल त्याहून जास्त नुकसान होईल.

लाँग रन हळूच धावायचा, अपेक्षित मॅरेथॉन पेसपेक्षा (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ) किलोमीटरला ४५ ते ९० सेकंद हळू. मुळात पेस सात मिनिटांच्या पुढे असेल तर हा फरक कमी ठेवा, नाहीतर धावण्याची ढब बिघडते. शेवटच्या पाच-सहा आठवड्यांतल्या दोन लाँग रनमध्ये मात्र शेवटचे ८-१० किलोमीटर मॅरेथॉन पेसने धावा. थकलेल्या पायांवर तो पेस कसा वाटतो हे शर्यतीआधी कळलेलं बरं.

चालण्याबद्दल एक स्पष्ट सांगते: ठरवून चालणं ही हार नाही. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले अमेरिकी धावपटू जेफ गॅलोवे यांनी हौशी लोकांसाठी धावणं आणि चालणं आलटून पालटून करण्याची पद्धत मांडली आणि आयुष्यभर शिकवली. आठ मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, असं काहीही चालेल. अट एकच: पहिल्या किलोमीटरपासून सुरू करा. दमल्यावर नाइलाजाने चालण्याचा तसा उपयोग होत नाही. साडेचार तासांच्या पुढची वेळ अपेक्षित असेल तर माझ्या मते हा मार्ग गांभीर्याने घ्यावा.

पायरी ५: धावताना खाणं आणि पिणं

सुरुवातीच्या हिशेबातली तूट इथे भरून निघते. पोटाला धावता धावता पचवायची सवय नसते आणि ती सरावानेच लागते. म्हणून २० किलोमीटरच्या पुढच्या प्रत्येक लाँग रनला शर्यतीत खाणार तेच खा.

ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट हे बहुतेकांसाठी योग्य माप आहे. साध्या जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, काहींत ४०. पाकिटावर लिहिलेलं असतं. म्हणजे २५ ग्रॅमचं जेल दर अर्ध्या तासाला घेतलं की ताशी ५० होतात. फक्त ग्लुकोज असेल तर आतडं ताशी सुमारे ६० ग्रॅमपर्यंत शोषतं. ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज असेल तर ते वेगळ्या वाटेने शोषलं जातं आणि ९० पर्यंत जाता येतं, पण पहिल्या मॅरेथॉनला त्या मागे लागू नका. ३० ने सुरुवात करा, पोट स्वीकारेल तसं ५०-६० कडे जा.

पहिलं जेल ३०-४० मिनिटांनी घ्या, भूक लागायची किंवा थकवा यायची वाट न बघता. वॉल समोर आल्यावर घेतलेलं जेल उशिराचं असतं. जेल साध्या पाण्याबरोबर घ्या. जेलवर स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलं की साखर फार दाट होते आणि पोटात मळमळ सुरू होते. शर्यतीत मिळणारं पेय तुम्हाला मानवत नाही असं सरावात कळलं तर स्वतःचं घेऊन धावा.

पाण्याचं गणित घरच्या घरी काढता येतं. तासाभराच्या रनआधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा ६५ किलोचं ६४.२ झालं आणि वाटेत ३०० मिलिलिटर पाणी प्यायलं, तर घाम गेला सुमारे १.१ लिटर. हे वेगवेगळ्या हवामानात दोन-चारदा केलं की स्वतःचा अंदाज येतो. गेलेलं सगळं पाणी भरून काढायचं नसतं. वजनाच्या दोनेक टक्क्यांची घट बहुतेकांना चालून जाते. तहान लागेल तसं प्यावं.

कमी पाण्याइतकीच जास्त पाण्याचीही भीती बाळगा. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांमध्ये सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं. शर्यतीत वजन वाढणं आणि चार तासांहून जास्त वेळ लागणं यांच्याशी त्याचा संबंध दिसला. म्हणजे हा धोका संथ धावणाऱ्यांना जास्त असतो, कारण ते प्रत्येक एड स्टेशनवर निवांत पाणी पितात. डोकेदुखी, उलटी, बोटं सुजणं, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं आहेत. अशा वेळी आणखी पाणी देणं घातक ठरतं. धावून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर समजा की गरजेपेक्षा जास्त प्यायलात.

पायरी ६: पाय टिकवणं

आठवड्यातून दोनदा २०-२५ मिनिटं पुरतात. उभं राहून टाचा वर उचलणं, आधी दोन्ही आणि मग एकेका पायावर; स्क्वॉट; लंज; एका पायावर तोल सांभाळत खाली वाकणं; प्लँक. पोटरीला जास्त वेळ द्या. मॅरेथॉनमध्ये तीस-चाळीस हजार पावलं पडतात आणि त्यातलं प्रत्येक पाऊल तिच्यावर येतं.

दुखण्यात फरक करायला शिका. दोन्ही मांड्या सारख्याच ठणकत असतील, चालताना मोकळ्या होत असतील, तर ती मेहनतीची खूण आहे. एकाच बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, धावताना वाढत जात असेल, लंगडायला होत असेल किंवा रात्री झोपेतही जाणवत असेल, तर धावणं त्या दिवशी थांबवा. हाडावर, विशेषतः नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला, असं दुखलं तर हाडाला ताणाची चीर असू शकते आणि डॉक्टरांकडे जायलाच हवं. दहा दिवसांत बरं होणारं दुखणं रेटून धावल्याने तीन महिन्यांचं होतं.

अंतर वाढलं की जेवणही वाढायला हवं. वजन उतरवायचा कार्यक्रम आणि मॅरेथॉनची तयारी एकत्र चालवू नका. खर्चापेक्षा सतत कमी खाल्लं की हाडं कमकुवत होतात, आजारपणं वाढतात, झोप बिघडते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ (खेळाडूंमधली ऊर्जेची सापेक्ष कमतरता) असं नाव दिलं. बायकांमध्ये पाळी अनियमित होणं किंवा थांबणं ही त्याची ठळक खूण आहे. ‘धावल्यामुळे असं होतंच’ म्हणून ते सोडून देऊ नका.

शूजबद्दल थोडक्यात: पायाला सुखाचे तेच चांगले. लांब धावताना पाऊल सुजतं, म्हणून अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर जोड बदलायची वेळ येते. शर्यतीचे शूज दोन लाँग रनमध्ये वापरून झालेले असावेत. आणि झोप. जास्तीच्या एका रनसाठी पहाटे उठून झोप पाच तासांवर आणण्यापेक्षा तो रन सोडलेला बरा.

पायरी ७: वेळेचं उद्दिष्ट

अभियंता पीटर रीगल यांनी १९७७ मध्ये मांडलेलं एक सूत्र आजही वापरात आहे. त्यानुसार अंतर दुप्पट झालं की वेळ सुमारे २.०८५ पट होते. हाफ दोन तासांत, तर फुल ४ तास १० मिनिटांत. आठवड्याला ४०-५० किलोमीटर धावणाऱ्या नवख्यासाठी हे सूत्र फार आशावादी ठरतं. त्यात आणखी १० ते २० मिनिटं धरा. म्हणजे दोन तासांच्या हाफवाल्याने ४:२० ते ४:३० चा विचार करावा. ४:२० म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं १० सेकंद, त्याच्या हाफच्या ५:४१ पेक्षा अर्ध्या मिनिटाने हळू. सुरुवातीला हा वेग अगदी फुसका वाटतो. तसाच वाटायला हवा.

पायरी ८: टेपर

३२ च्या लाँग रननंतर तीन आठवडे अंतर उतरवत न्या: आधी पाऊण, मग अर्धं, शेवटच्या आठवड्यात दोन-तीन छोटे रन. दिवस फार कमी करू नका, प्रत्येक दिवसाचं अंतर कमी करा. थोडा मॅरेथॉन पेस राहू द्या म्हणजे पाय आळसावत नाहीत. या काळात नसलेली दुखणी जाणवायला लागतात, फिटनेस गेला असं वाटतं. तीन आठवड्यांत तो जात नाही, आणि नवा कमावताही येत नाही. त्यामुळे शेवटच्या पंधरवड्यात बुडालेला लाँग रन उरकू नका.

शर्यतीआधीचे दीड-दोन दिवस जेवणात कार्बोहायड्रेट वाढवा. सरावलेल्या धावपटूंसाठी दर किलो वजनामागे १० ते १२ ग्रॅमची शिफारस असते, म्हणजे ६५ किलोवाल्याला रोज ६५० ग्रॅमच्या पुढे. एवढं खाणं सगळ्यांना झेपत नाही. ७-८ ग्रॅमपर्यंत गेलात तरी चांगलं. त्यासाठी ताटातलं तेल-तूप, प्रथिनं आणि चोथा कमी करावा लागतो, नाहीतर पोट फुगतं. वजन किलो-दीड किलोने वाढेल. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, त्याचं हे वजन आहे. घाबरू नका.

ताप असेल किंवा गेल्या दोन-चार दिवसांत येऊन गेला असेल, तर सुरुवातीच्या रेषेवर जाऊ नका. विषाणूच्या आजारात जोराचा व्यायाम हृदयाच्या स्नायूला सूज आणू शकतो.

पायरी ९: शर्यतीचा दिवस

सुरुवातीच्या तीन तास आधी नेहमीचा नाश्ता. नवं काहीही नाही: ना कपडा, ना मोजा, ना जेल. काखा, मांड्यांची आतली बाजू, छाती, पावलं यांना व्हॅसलीन भरपूर लावा.

पहिले पाच किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षा किलोमीटरला १०-१५ सेकंद हळू धावा. टेपरने ताजे झालेले पाय आणि आजूबाजूचा उत्साह यामुळे ठरवलेला पेस थांबल्यासारखा वाटतो आणि लोक इथेच शिदोरी उधळून बसतात. वेगाने धावलं की कार्बोहायड्रेटचा वाटा वाढतो, त्यामुळे पहिल्या तासात मिळवलेली पाच मिनिटं शेवटच्या तासात वीस मिनिटांनी परत द्यावी लागतात. २०२३ मध्ये शिकागोत केनियाच्या केल्व्हिन किप्टमने २:००:३५ चा विश्वविक्रम केला तेव्हा पहिला अर्धा भाग ६० मिनिटं ४८ सेकंदांत आणि दुसरा ५९ मिनिटं ४७ सेकंदांत धावला होता. आपण कितीही हळू असलो तरी अर्धी वाट संपल्यावर अंगात धावणं उरलेलं असावं, हे त्याच्याकडून घेता येतं.

घड्याळाच्या पेसवर डोळे मिटून विसंबू नका. मार्ग सर्वांत छोट्या शक्य रेषेवर मोजलेला असतो आणि आपण वळणांवर, गर्दीतून इकडेतिकडे धावतो. त्यामुळे घड्याळ शेवटी ४२.५ किंवा त्याहून जास्त दाखवतं. दर पाच किलोमीटरच्या फलकावर गेलेला वेळ बघा. ऊन वाढलं तर उद्दिष्ट तिथल्या तिथे सोडा आणि हळू व्हा. डोक्यावर-मानेवर पाणी ओता.

तिसाव्या किलोमीटरनंतर अंतराचे तुकडे करा: पुढचं एड स्टेशन, मग त्यापुढचं. जेल नकोसं वाटलं तरी छोटे घोट घेत संपवा. पेटका आला तर थांबून तो स्नायू हलका ताणा, मिनिटभर चाला. वेदनाशामक गोळी मात्र घेऊ नका. आयबुप्रोफेनसारखी औषधं घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण आणतात आणि थांबायला सांगणारं दुखणंही झाकतात.

छातीत दुखलं, भोवळ आली, भर उन्हात थंडी वाजायला लागली किंवा बोलणं असंबद्ध होऊ लागलं, तर जवळच्या वैद्यकीय मदतीकडे जा. शेजारचा धावपटू असा वागताना दिसला तर त्याच्यासाठी थांबा. उष्माघातात शरीर लवकरात लवकर थंड करण्यावर जीव अवलंबून असतो.

पायरी १०: नंतर

रेषा ओलांडल्यावर एकदम बसू नका. दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, नाहीतर रक्त पायांत साचून चक्कर येते. कोरडे कपडे घाला, हळूहळू खा-प्या, थोडं खारट काहीतरी घ्या. दोन-तीन दिवस जिना उतरणं जड जाईल. स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचा तो परिणाम आहे. पहिला आठवडा फक्त चालणं किंवा पोहणं, दुसऱ्या आठवड्यात २०-३० मिनिटांचे दोन-तीन सोपे रन, आणि जोराचं धावणं चौथ्या आठवड्याआधी नाही. दुखणं थांबलं म्हणजे आतली झीज भरली असं नसतं, म्हणून दहाव्या दिवशी पाय हलके वाटले तरी हे वेळापत्रक मोडू नका. पुढच्या शर्यतीची नोंदणीही हा महिना उलटल्यावरच करा.